येतो म्हणायचं नसतं

आमच्या घरात 'जाते' म्हणायची सोय नव्हती. लहानपणी एकदा शाळेला निघताना मी 'आई, जाते गं' म्हणाले, तर आईनं मला अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं, उंबऱ्याच्या आत घेतलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "आता नीट सांग." मी म्हटलं, "येते." मग ती म्हणाली, "ये." एवढं झाल्यावर मला सोडलं. उशीर झाला म्हणून शाळेत वर्गाबाहेर उभं राहावं लागलं, त्याचं आईला काही नव्हतं. बाहेर पडणाऱ्यानं 'येते' म्हणायचं, घरात राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतो, असा तिचा सरळ विश्वास होता.

लग्न होऊन चारकोपला आले, तर तिथंही तेच. सासरची माणसं मूळची कुडाळकडची. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी परळची खोली सोडून इथल्या सेक्टरमध्ये बैठं घर घेतलं होतं. नवरा जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात मशीन दुरुस्तीचं काम बघायचा. गाळा इतका जवळ की दुपारचा डबा विसरला तर तो परत येऊन घेऊन जायचा. तरी निघताना रोज दारात थांबून 'येतो गं' म्हणायचा आणि मी पोळी लाटता लाटता आतून 'या' म्हणायचे. त्याला समोर मी अहो म्हणत असे आणि मनात अरे. इथं मनातलंच लिहिते आहे.

आम्हाला मूल झालं नाही. हे एका वाक्यात सांगते, कारण त्या वर्षांबद्दल सांगायला बसले तर तिथंच अडकेन. डॉक्टर झाले, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून झालं, लोकांचे प्रश्न झाले, आणि मग कधीतरी दोघांनीही काही न बोलता तो विषय बंद केला. सासू-सासरेही एव्हाना गेले होते. घर फार शांत झालं. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, तो गाळ्यात. संध्याकाळी समोरासमोर बसून जेवायचो आणि आमच्या वतीनं टीव्ही बोलायचा.

अशात एकदा तो स्कूटरवरून बिनहेल्मेटचा घरी आला. मी त्यावरून तोंड सोडलं, तेवढ्यात हातातलं हेल्मेट दिसलं आणि हेल्मेटमध्ये एक तांबूस पिल्लू. इस्टेटच्या गेटपाशी त्याची आई ट्रकखाली आली होती. बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली, ही एक उरली होती.

मी म्हटलं, "घरात आणायचं नाही."

"नाही आणत," तो म्हणाला आणि आत आला.

आधी ओट्यावर, मग स्वयंपाकघरात, मग आमच्या पलंगाखाली, अशी तिची बढती होत गेली. तो तिला 'बाई' म्हणायचा. "अहो बाई, जेवलात का?" "बाई, जरा सरका, पाय ठेवू द्या." मला अगं-तुगं आणि कुत्रीला अहो-जाहो. मी चिडायचे, म्हणायचे, मलाही कधी असा मान द्या. तो म्हणायचा, "तुला कशाला? तू घरची आहेस. त्या पाहुण्या आहेत." मी मात्र तिला शेवटपर्यंत तू-तूच केलं. आम्हा दोघींत औपचारिकपणा नव्हता.

तिला येत काहीच नव्हतं. हात पुढे केला की पंजा देणं, फेकलेला बॉल आणणं, सगळं शिकवून पाहिलं. बॉल फेकला की ती बॉलकडे बघायची, मग आमच्याकडे बघायची आणि झोपायची. पण एक शब्द तिला कुणी न शिकवता आला. 'येतो.' नवऱ्यानं दारात 'बाई, येतो हं' म्हटलं की ती पलंगाखालून निघायची, टकटक नखं वाजवत उंबऱ्याशी येऊन बसायची आणि स्कूटर गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिकडे बघत राहायची. वळली की आत येऊन झोपायची. संध्याकाळी मला स्कूटर ऐकू यायच्या आधी ती उठलेली असायची. तो नुसता कचरा टाकायला किंवा कोपऱ्यावर दूध आणायला गेला आणि काही बोलला नाही, तर ही डोळासुद्धा उघडत नसे. शब्द ऐकला तर माणूस गेला आणि परत येणार. शब्द नाही ऐकला तर माणूस कुठं गेलेलाच नाही, इथंच आहे.

कुणीही म्हटलेलं चालायचं. गणपतीत तिचे फार हाल व्हायचे. आपल्याकडची माणसं 'चला, येतो' म्हणतात आणि मग दारात उभं राहून निम्म्या गप्पा तिथं मारतात. ही बिचारी पहिल्या 'येतो'ला येऊन बसायची, पाहुणे काही हलायचे नाहीत, ही एकदा यांच्या तोंडाकडे बघायची, एकदा रस्त्याकडे, मग मोठी जांभई द्यायची. नवरा म्हणायचा, "अरे निघा रे आता, बाई खोळंबल्यात."

तो गेला तो एका रविवारी सकाळी. ओट्यावर बसून स्कूटरचा प्लग साफ करत होता. मी आत पोहे भिजवत होते. "अगं, जरा पाणी आण" म्हणाला, आवाज नेहमीचाच. मी पाणी घेऊन आले तर भिंतीला टेकून बसलेला, चेहरा घामानं भिजलेला, हातात तो काळा फडका तसाच. मी ओरडले. मागच्या गल्लीत त्याचा गाळ्यातला मित्र राहतो, मी त्यांना भावोजी म्हणते. ते बनियनवर धावत आले. शेजारच्यांनी खुर्ची आणली, त्याला खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. मी अनवाणी मागे धावले. त्या घाईत कोण काय बोललं मला आठवत नाही. पण एवढं नक्की की 'येतो' कुणीही म्हणालं नाही. त्यानं नाही, मीही नाही.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं.

त्याला घरी आणलं तेव्हा माणसांनी गल्ली भरली होती. गर्दीत कुत्री नको म्हणून कुणीतरी तिला मागच्या मोरीत कोंडलं. ती भुंकली असेल, मला ऐकू आलं नाही. त्याला नेल्यावर संध्याकाळी कुणीतरी दार उघडलं तेव्हा ती बाहेर आली, घरभर हुंगत फिरली, ओट्यावर गेली, प्लग पुसायचा फडका तिथंच पडला होता तो हुंगला, आणि पलंगाखाली, तो झोपायचा त्या बाजूला जाऊन पडली.

गावाहून त्याची आत्या आली. बुटकी, ताठ, नऊवारीतली, आणि रीतीभातीच्या बाबतीत कोर्टापेक्षा कडक. तिनं आल्या आल्या मला जवळ घेतलं आणि ती इतकं रडली की तिला सांभाळता सांभाळता माझं रडणं राहून गेलं. मग डोळे पुसून तिनं घर हातात घेतलं. दिवा विझू द्यायचा नाही, फोडणी घालायची नाही, मी उंबऱ्याबाहेर जायचं नाही. आणि पलंगाखालचं प्रकरण तिच्या लक्षात आल्यावर म्हणाली, "सुतकात घरात कुत्रा कोण ठेवता गो? खयसून आणलेला, थय नेऊन सोड."

मी म्हटलं, "आत्या, तिला हात लावलात तर मी पण जाईन तिच्याबरोबर."

"जाईन म्हणा नये," ती आधी ते दुरुस्त करून म्हणाली, आणि कुत्रीचा विषय सोडला.

पण एकदा मी पलंगाशी वाकून 'बाई, ए बाई' अशी हाक मारत होते, तर आत्या स्वयंपाकघरातून ओ देत आली, गावी तिलाच सगळे बाय म्हणत. कुणाला हाक मारली ते कळल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं. "बाय म्हणजे कुत्री? आणि मी आपला ओ देतंय!" त्या घरात त्या दिवसांत मला हसू आलेलं ते पहिलं. हसू आलं आणि लगेच त्याला सांगायला हवं असं वाटलं, आणि मग जे व्हायचं ते झालं.

कुत्री खाईना. पहिले दोन-तीन दिवस मला कळलंच नाही, मीच कुठं खात होते? मग तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. दूधभात, भावोजींनी त्यांच्या घरून आणलेलं अंडं आणि तिच्या आवडीची सुकट-भाकरी, सगळं तोंडाशी नेलं. ती मान फिरवायची. दिवसातून एकदा उठून मागच्या अंगणात जाऊन यायची, परत पलंगाखाली. भावोजी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत.

ते ऐकलं आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तो गेला तेव्हा मी बधिर झाले होते, भीती नव्हती. आता वाटली. त्याचा आवाज रोज ऐकलेला, त्याची चाहूल ओळखणारा, त्या घरात माझ्याखेरीज हा एकच जीव होता. हीसुद्धा गेली तर मी कुणाच्या जिवावर त्या घरात राहणार होते?

एका दुपारी, आत्या झोपली होती तेव्हा, मी पलंगाखाली तिच्याशेजारी आडवी झाले आणि त्याच्यासारखा आवाज काढून म्हटलं, "बाई, येतो हं." तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उठली नाही. ती मूर्ख नव्हती. मी तिथंच, फरशीवर गाल टेकून, हमसून हमसून रडले आणि त्याला शिव्या दिल्या. न सांगता गेलास. कोपऱ्यावर जाताना सांगायचास आणि एवढ्या लांब जाताना नाही.

लोक समाचाराला येत होते. आपल्याकडे अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. म्हटलं तर पुन्हा त्याच कारणासाठी यावं लागतं, असं मानतात. म्हणून माणसं येतात, बसतात, पाणीही नको म्हणतात, आणि मग एकदम उठून, मागे न बघता निघून जातात. जन्मभर मी हे पाहिलं होतं, स्वतःही तसंच केलं होतं. त्या दिवसांत मात्र त्या मुकाट निघून जाणाऱ्या पाठी बघून माझ्या अंगावर काटा यायचा. आणि पलंगाखाली ती. तिच्या हिशेबानं त्या घरातून कुणी जातच नव्हतं. आलेली सगळी माणसं, आणि तोही, इथंच कुठंतरी होती आणि कुणी दिसत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, भावोजींच्या चुकीमुळे.

भावोजी रोज यायचे. एरवी फार बडबडे, हॉर्नच्या आधी यांचा आवाज ऐकू येतो असं नवरा म्हणायचा. पण त्या दिवसांत खाली मान घालून खुर्चीत बसायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. त्या दिवशी शेजारच्या दोघी समाचाराला आल्या होत्या, आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. कशावरून तरी गाळ्यातली गोष्ट निघाली. नवऱ्यानं एकदा मालकाच्या केबिनचा पंखा दुरुस्त केला तर तो उलटा फिरायला लागला आणि महिनाभर मालकाला गरम का होतंय ते कळलं नाही. भावोजी मालकाची नक्कल करून सांगत होते. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही. मग भावोजी उठले, चपलेत पाय घातला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं म्हणाले, "चल वहिनी, येतो."

आत्याचा सुपातला हात थांबला. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. भावोजींनी जीभ चावली, दोन्ही कान पकडले, चेहरा पांढरा.

"आता रे!" आत्या म्हणाली. "ह्या काय बोललंस?"

आणि आतून टकटक ऐकू आली. फरशीवर नखांची. सावकाश, मध्ये थांबत थांबत. कुत्री बाहेर आली. पायांत जोर नव्हता, मागचा भाग लडबडत होता. आत्याच्या सुपाला वळसा घालून, शेजारणींच्या मधून वाट काढत ती उंबऱ्याशी आली आणि बसली. वर मान करून तिनं भावोजींकडे पाहिलं. आता निघा, मी बघते, असं.

भावोजी ओट्यावर तसेच उभे. पुढे जावं की मागे यावं, त्यांना कळेना. मला मात्र सगळं एकदम कळलं. मी ओरडलेच, "भावोजी, निघा! कोपऱ्यापर्यंत जा, वळा, आणि परत या. आत्ताच्या आत्ता परत या!"

"अगं वहिनी, पण..."

"जा म्हणते ना!"

ते गेले. आत्यानं तोंडाला पदर लावला. गल्लीच्या टोकाला ते वळले, दिसेनासे झाले. कुत्री बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. मग कोपऱ्यावरून भावोजी परत आले, धावतच, चपला फटफटवत, मोठा माणूस, पोट सुटलेलं, डोळ्यांतून पाणी. ओट्यावर येऊन ते मटकन खाली बसले. तिनं त्यांचे पाय हुंगले, हात हुंगले. शेपटी हलली. थोडीशीच, पण हलली.

आत्या उठली. स्वयंपाकघरात गेली, भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून वाटीत घेऊन आली आणि वाटी माझ्या हातात दिली. स्वतः कुत्रीला हात लावला नाही. सुतकात तेवढं तिनं पाळलं. कुत्रीनं माझ्या हातातून अर्धी वाटी खाल्ली. मग दुसऱ्या वाटीत भाकरी कुस्करून आत्यानं मलाही खायला लावली. "दोगीव सारख्याच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "येते गं." आत्या दारात होती. मला वाटलं अडवणार. नवरा गेलेली बाई दिवसांत रस्त्यावर! ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "ये. बेगीन ये."

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. किराणावाला, शिलाई मशीनवरची बाई, सगळे बघतायत असं वाटत होतं. वळले, भिंतीला हात टेकून श्वास घेतला आणि परत आले. ती उंबऱ्यात बसली होती. मी आले म्हणून तिनं उठून अंग झटकलं. मग ते रोजचं झालं. आज कोपरा, उद्या दूधवाला, मग मार्केट. येते म्हणायचं, जायचं, परत यायचं. आपण तिला उठवतोय असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिच्यासमोर बोललेला शब्द पाळायचा म्हणून मी घराबाहेर पडत होते, आणि पाळायचा म्हणून परत येत होते. घराबाहेर पडल्यावर परत न येण्याचे विचार त्या दिवसांत मनात यायचे. ते आता लिहायला हरकत नाही.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, आत्या गावी निघाली. आता म्हणायला मोकळीक होती. मला म्हणाली, "येतंय गो." मग उंबऱ्यात येऊन बसलेल्या कुत्रीकडे वळली, वाकली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, येतंय हां. हिका सांभाळ." गुडघ्यांमुळे ती परत कधी आली नाही. पण दर आठवड्याला फोन यायचा आणि माझी चौकशी संपली की विचारायची, "आणि ती दुसरी? जेवता मां?"

मी शाळेत परत रुजू झाले. सकाळी दारात 'येते' म्हणायचे, ती रिक्षा वळेपर्यंत बसायची. संध्याकाळी कुलूप काढताना आतून टकटक ऐकू यायची. नवरा नसलेल्या घरात शिरणं मला त्या टकटकीमुळे जमलं. सणावारी, एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा यायचा तेव्हा तिच्यासाठी करायचे आणि मग त्यातलंच जेवायचे. कधी कधी तिच्याशी भांडायचेसुद्धा. घरात कुणाशी तरी भांडता येणं ही किती मोठी चैन आहे, ते एकटं राहिल्यावर कळतं.

भावोजींचं मात्र मन खात राहिलं. 'वहिनी, मी तेव्हा बोललो ना, म्हणजे परत...' असं काहीतरी अर्धवट म्हणायचे. मी म्हणायचे, तुमच्या जिभेमुळे घरात दोन जीव वाचलेत, गप्प बसा. त्यांचं समाधान व्हायचं नाही.

ती म्हातारी झाली. तोंड पांढरं झालं, मग भुवया. मग किडन्या. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. सुई टोचताना ती मुकाट पडून राहायची. मी 'येते' म्हटलं की उठायची, पण उंबऱ्यापर्यंत यायला फार वेळ लागायचा, म्हणून मी तिच्यासाठी दारात थांबून राहायला लागले. शाळेत उशीर व्हायचा. पुढे ती उठेनाशी झाली, नुसती मान वर करायची. मग मानही नाही, कान हलायचे. मग शेपटीचं टोक फक्त, फरशीवर एकदा.

गेल्या वर्षी एका सकाळी मी पर्स खांद्याला लावली, वाकले आणि म्हटलं, "येते गं बाई." काहीच हललं नाही. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते. मी पर्स काढून ठेवली. शाळेत फोन केला, आणि मग भावोजींना.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तिला आता त्रास होतोय. आपण थांबवू शकतो. तुम्ही सांगाल तसं." भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, दुखेल का? नाही म्हणाली. एक झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. मी मान हलवली. ती म्हणाली, "तुम्हाला बाहेर थांबायचं असेल तर थांबा."

बाहेर जायचं तर तिला 'येते' म्हणायला हवं होतं, आणि मी परत येईपर्यंत ती नसती. मी थांबले.

तिचं डोकं माझ्या तळहातावर होतं. पहिलं इंजेक्शन झालं. तिचे डोळे मिटायला लागले आणि माझी धांदल उडाली, कारण काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला शब्द सापडेना. इतकी वर्षं निघणारी मी होते आणि दारात बसणारी ती. आज ती निघाली होती आणि तिला बोलता येत नव्हतं. म्हणजे राहणारी मी. राहणाऱ्यानं काय म्हणायचं ते मला आईनं शिकवलं होतं. मी ते रोज पोळ्या लाटता लाटता एकाला म्हणत आले होते, आणि त्या रविवारी तेवढंच म्हणायचं राहिलं होतं.

मी तिला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तो मान त्यानं दिलेला. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "या, बाई. सावकाश या."

शेपटी हलली की नाही, मला सांगता येणार नाही. मला दिसत नव्हतं.

पुढचं सगळं भावोजींनी केलं आणि दुपारी मला घरी आणून सोडलं. मी कुलूप काढलं. आत काही वाजलं नाही. ते थोडा वेळ खुर्चीत बसले, पाणी नको म्हणाले. मग एकदम उठले, चपला घातल्या आणि खाली मान घालून, एक अक्षर न बोलता ओटा उतरायला लागले. ती पाठ मी ओळखली.

"भावोजी."

ते थांबले, वळले नाहीत.

"म्हणा की."

"नको गं वहिनी. एकदा म्हटलं तर बघ, आलोच ना परत याच्यासाठी."

"म्हणून तर सांगते. म्हणा."

ते वळले. ओठ आवळून उभे राहिले, लहान मुलासारखे. मग म्हणाले, "येतो, वहिनी."

"या," मी म्हटलं.

ते चालू लागले आणि मी उंबऱ्याशी, तिच्या जागेवर, खाली बसले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बसून राहिले.